दार्जिलिंगची स्कार्लेट

‘गॉन विथ द विंड’ मी पहिल्यांदा पाहिला तो बी.ए.ला असताना, शेजारच्यांच्या टीव्हीवर. इंग्रजी निम्मंच कळलं, पण त्या हट्टी, हिरव्या डोळ्यांच्या स्कार्लेटवरून नजर हटेना. ते काम करणारी व्हिव्हियन ली आपल्या दार्जिलिंगला जन्मली, हे पुष्कळ वर्षांनी समजलं. आणि ती आयुष्यभर कशाशी झगडली, ते त्याहून उशिरा. तोवर मी घरोघर फिरून बायकांशी बोलण्याचं काम करायला लागले होते.

जन्म ५ नोव्हेंबर १९१३ चा. वडील अर्नेस्ट हार्टली कलकत्त्यात दलालीच्या धंद्यात. तीन वर्षांची असताना आईच्या हौशी नाटकमंडळींत ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली. सहाव्या वर्षी, १९२० साली, तिला इंग्लंडच्या कॉन्व्हेंट बोर्डिंगात ठेवून आई भारतात परतली. एवढंसं पोर! मोठेपणी मी नटीच होणार, असं ती तिथल्या वर्गमैत्रिणीला सांगायची. गंमत म्हणजे ती मैत्रीण, मॉरीन ओ’सलिव्हन, हीसुद्धा पुढे हॉलिवूडची नटी झाली.

एकोणिसाव्या वर्षी, १९३२ मध्ये, तेरा वर्षांनी मोठ्या बॅरिस्टर ली होल्मनशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगी सुझान. होल्मनना नाटकवाल्यांचं कौतुक नव्हतं. तरी हिनं स्टेजसाठी नाव घेतलं ते नवऱ्याचंच, ‘ली’. १९३५ मध्ये एका नाटकानं ती एका रात्रीत लंडनभर गाजली. मग लॉरेन्स ऑलिव्हिए भेटला. तोही संसारी. १९३७ साली दोघं आपापली घरं सोडून एकत्र राहू लागली. सुझान वडिलांकडे आणि आजीकडे वाढली.

इथे माझं मन अडतं, खोटं कशाला सांगू? पण ऑलिव्हिएनंही मुलगा मागे ठेवला होता, त्याबद्दल त्याला कुणी फारसं विचारत नाही.

स्कार्लेटची गोष्ट तर सिनेमासारखीच. डिसेंबर १९३८ मध्ये अटलांटा शहर जळतानाचं शूटिंग सुरू झालं, तरी नायिका ठरलेली नव्हती! निर्माता सेल्झनिकच्या भावानं त्या रात्री हिला आगीच्या उजेडात त्याच्यापुढे उभं केलं. शूटिंगचे दिवस क्लार्क गेबलपेक्षा हिचे किती तरी जास्त आणि पैसे मात्र त्याच्या मानानं अगदीच थोडे. १९४० साली ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ऑलिव्हिएशी लग्नही झालं.

१९४४ मध्ये ‘सीझर अँड क्लिओपात्रा’च्या वेळी गर्भपात झाला. पाठोपाठ क्षयानं गाठलं. आणि मनाचं दुखणं वाढलं ते तेव्हापासून. कधी उत्साह नुसता उतू जायचा, झोप नाही, समोरच्यावर तुटून पडणं. मग एकदम काळोख. शांत झाल्यावर घडलेलं नीट आठवायचंही नाही, फक्त लाज वाटायची. आज याला बायपोलर म्हणतात. तेव्हा धड औषध नव्हतं, विजेचे झटके देत.

अशा अवस्थेत तिनं काम कुठलं घ्यावं? ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधली, मनाचा तोल जाणारी ब्लांश! १९४९ पासून लंडनला महिनोन् महिने ते नाटक केलं, १९५१ मध्ये सिनेमा आला, दुसरं ऑस्कर मिळालं. या भूमिकेनंच आपला तोल गेला, असं ती पुढे सांगायची. १९५३ मध्ये ‘एलिफंट वॉक’साठी सिलोनला गेली, पण पुढे हॉलिवूडमधलं शूटिंग तिला झेपलं नाही. गुंगीचं औषध देऊन विमानानं इंग्लंडला नेलं. भूमिका एलिझाबेथ टेलरला गेली. लांबून घेतलेल्या काही दृश्यांत मात्र अजूनही व्हिव्हियनच दिसते.

आमच्याकडे अशा बाईला घरचे सरळ म्हणतात, नाटकं करते. अंगारे-धुपारे होतात, माहेरी पाठवून देतात, डॉक्टरचं नाव शेवटी. व्हिव्हियनकडे डॉक्टर होते, पैसा होता, तरी लहरी बाई हा शिक्का चुकला नाही. म्हणून ती घरी बसली असं मात्र नाही. १९५७ मध्ये लंडनचं सेंट जेम्स थिएटर पाडायला निघाले, तेव्हा ही पठ्ठी रस्त्यावर उतरली, थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सज्जातून ओरडली. बाहेर काढलं तिला. थिएटरही पडलंच.

१९६० मध्ये घटस्फोट झाला. पहिल्या नवऱ्याशी मात्र शेवटपर्यंत मैत्री राहिली, हे मला फार नवलाचं वाटतं. १९६३ मध्ये ‘तोवारिच’ या संगीतिकेसाठी ब्रॉडवेचं टोनी मिळवलं, गाणारी नसताना! १९६७ च्या उन्हाळ्यात क्षय उलटला, तरी ती अंथरुणात पडून नव्या नाटकाची तयारी करत होती. जुलैच्या ८ तारखेला गेली, वय अवघं त्रेपन्न. त्या रात्री लंडनच्या थिएटरांनी बाहेरचे दिवे काही वेळ मालवले. ऑलिव्हिए स्वतः कॅन्सरच्या उपचारांसाठी दवाखान्यात होता, तिथून उठून तो तिच्या घरी आला.