डासांचा डॉक्टर : कार्लोस फिनले

दि. १४ ऑगस्ट १८८१. क्यूबा बेटावरील हवाना शहर. तेथील विज्ञान अकादमीच्या सभेत सत्तेचाळीस वर्षांचे एक डॉक्टर निबंध वाचावयास उभे राहिले. पीतज्वर हा रोग घाणेरड्या हवेने वा रोग्याच्या कपड्यांनी पसरत नसून एक विशिष्ट डास तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो, असे त्यांचे म्हणणे होते. सभा शांत राहिली. कोणी विरोध केला नाही, की कोणी दाद दिली नाही. ही शांतता पुढे जवळजवळ वीस वर्षे टिकली.

मी इतिहासाचा विद्यार्थी. वैद्यकातले मला फारसे कळत नाही. पनामा कालव्याविषयी वाचत असताना ग्रंथालयात कार्लोस फिनले हे नाव प्रथम भेटले आणि कालवा बाजूलाच राहिला!

फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्यूबात झाला. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच वंशाची. शाळेसाठी मुलाला फ्रान्सला पाठविले, पण आजारपणाने शिक्षणात पुन्हा पुन्हा खंड पडला. एका आजाराने जिभेवर घाला घातला व बोलण्यात कायमची अडखळ राहिली. हवानाच्या विद्यापीठाने त्यांचे परदेशी शालेय शिक्षण मानले नाही. तेव्हा ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले आणि १८५५ साली तेथून डॉक्टर होऊन परतले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या वेळी एकेका दाखल्यासाठी खिडक्यांपुढे उभे राहणे काय असते ते मला ठाऊक आहे. म्हणून हा प्रसंग मी दोनदा वाचला.

पीतज्वर म्हणजे त्या काळच्या बंदरांचा काळच. ताप, कावीळ, शेवटी काळी उलटी आणि मृत्यू. १८७८ साली अमेरिकेतील मेंफिस या एका शहरात सुमारे पाच हजार माणसे त्याने गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे एक मंडळ तपासासाठी हवानाला आले व त्याच्याबरोबर काम करण्यास फिनले यांना नेमण्यात आले. मंडळ परत गेले. फिनले विचार करीत राहिले. थंडी पडली की रोग ओसरतो, उंच डोंगरावर तो जात नाही. मग थंडीत आणि उंचावर आणखी काय नाहीसे होते? अनेक जातींच्या डासांतून त्यांनी नेमका एक वेचून काढला, आज ज्याला एडिस इजिप्ती म्हणतात तो. रांजण, पिंपे, फुटकी भांडी यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा आणि दिवसा चावणारा. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तो हाच डास.

सिद्धांत बरोबर होता, पण पुरावा हाती येईना. डॉ. क्लॉदियो देल्गादो या मित्राच्या साह्याने त्यांनी शंभराहून अधिक माणसांना, त्यांच्या संमतीने, रोग्याला चावलेले डास चाववून पाहिले. सौम्य आजार होऊन माणूस पुढे सुरक्षित राहील, अशीही त्यांना आशा होती. म्हणजे ते लसच शोधत होते म्हणा ना! परंतु निकाल पक्के येत नसत. त्याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. डासाने रक्त शोषल्यावर विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला दहा-बारा दिवस लागतात. फिनले यांचे डास बहुधा फार लवकर चाववले जात. लोक त्यांना डासवेडा म्हणू लागले.

खरी लस १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये मॅक्स थेलर यांनी तयार केली. त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माझा मावसभाऊ पाईप फिटर म्हणून नायजेरियाला गेला, तेव्हा त्याला हीच लस मुंबईत टोचली होती. टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून त्याचे तिकीट पुढे ढकलावे लागले आणि मावशीची उगीच घालमेल झाली. तो पिवळा दाखला आता जन्मभर चालतो. आफ्रिकेतून परतताना तो जवळ नसेल, तर आपले सरकार विमानतळावरूनच माणसाला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. आपल्या देशात पीतज्वर नाही, पण त्याचा वाहक डास घरोघरी आहे, म्हणून ही कडक शिस्त. मावशीने भावाच्या पेटीत मच्छरदाणीही घातली. ती रात्रीच्या मलेरियासाठी ठीक. दिवसा चावणाऱ्या एडिसपुढे लस आणि पूर्ण बाह्यांचा सदराच कामाचा.

असो. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी लष्कराचे मंडळ हवानात आले. क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. इतर मार्ग खुंटल्यावर मंडळी फिनले यांच्या दारी गेली. या गृहस्थांनी वीस वर्षांच्या उपेक्षेचा एक शब्दही न काढता आपल्याजवळची डासांची अंडी त्यांच्या स्वाधीन केली. मला सगळ्या चरित्रात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्या डासांवर काम करताना मंडळातील जेसी लाझियर पीतज्वराने २५ सप्टेंबर १९०० रोजी वारले. पुढे रीड यांनी दोन खोपटी बांधली. एकात रोग्यांच्या मळक्या अंथरुणात सैनिक वीस रात्री झोपले. कोणालाही काही झाले नाही. दुसऱ्यात सारे स्वच्छ, पण डास सोडलेले. तेथे माणसे आजारी पडली.

मग विल्यम गॉर्गस यांनी हवानात टाक्या झाकल्या, डबक्यांवर तेल ओतले, घरोघर तपासनीस पाठविले. १९०१ च्या अखेरीस शहरातून पीतज्वर जवळजवळ गेला. क्यूबा स्वतंत्र झाल्यावर, १९०२ साली, फिनले देशाचे मुख्य आरोग्य अधिकारी झाले. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, पण मिळाले नाही. जगाच्या पुस्तकांत बराच काळ रीड यांचेच नाव ठळक राहिले, आणि मला हा अन्यायच वाटतो.

पनामात फ्रेंचांनी कालव्याला हात घातला तो १८८१ साली, फिनले यांच्या निबंधाच्याच वर्षी. तेथील इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवीत. त्यांतच डास वाढत. वीस हजारांवर माणसे दगावली असे मानतात, आणि फ्रेंचांनी काम सोडले. १९०४ पासून गॉर्गस यांनी तेथे हवानाचेच उपाय केले. दि. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा जहाजांना खुला झाला. फिनले तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, २० ऑगस्ट १९१५ रोजी, हवानातच त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस क्यूबात डॉक्टर-दिन म्हणून पाळतात.