लोहाराच्या मुलाने उघडली शेती कॉलेजची दारे

शेतकरी बंधूंनो, आपल्या मुलाने राहुरी, अकोला, परभणी नाहीतर दापोलीला जाऊन शेतीची पदवी घ्यावी, असं आज कुणालाही वाटतं. पण नांगर धरणाऱ्याच्या पोराला कॉलेज कशाला, अशीच समजूत पूर्वी सगळीकडे होती. अमेरिकेत ही समजूत मोडायला झटलेले गृहस्थ म्हणजे जस्टिन मॉरिल.

मॉरिल यांचा जन्म १८१० साली व्हरमाँट राज्यातल्या स्ट्रॅफर्ड गावी लोहाराच्या घरात झाला. परिस्थितीमुळे पंधराच्या सुमारास शाळा सुटली, कॉलेजचं तोंडही पाहता आलं नाही. मग दुकानात नोकरी धरली, पुढे भागीदारीत स्वतः दुकानदारी केली. चार पैसे गाठीला लागताच १८४८ साली धंदा आवरला आणि गावातच शेती सुरू केली.

१८५४ साली लोकांनी त्यांना देशाच्या संसदेवर निवडून दिलं. जुन्या राज्यांत जमिनीचा कस उतरत होता, पिकं घटत होती. यावर उपाय शिक्षणाचा, हे त्यांनी ओळखलं. त्यांची योजना अशी की, राज्याच्या दर खासदारामागे ३० हजार एकर सरकारी जमीन द्यायची, ती विकून आलेलं मुद्दल राखून ठेवायचं आणि व्याजावर शेती व यंत्रविद्येची कॉलेजं चालवायची. १८५९ साली विधेयक मंजूर झालं, पण राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी ते नाकारलं. मॉरिल हटले नाहीत. अखेर यादवी युद्ध चालू असताना, २ जुलै १८६२ रोजी, लिंकन यांनी कायद्यावर सही केली.

यातली बरीच जमीन मूळ आदिवासींकडून हिसकावलेली होती, हेही विसरून चालणार नाही. कित्येक कॉलेजांत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून मॉरिल यांच्याच १८९० च्या दुसऱ्या कायद्यात अट आली: त्यांना प्रवेश द्या किंवा वेगळं कॉलेज काढा, नाहीतर अनुदान नाही. १८९८ साली मरेपर्यंत ते संसदेत होते.

याच धर्तीवर १९६० साली पंतनगरला भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ निघालं, १९६८ साली आपलं राहुरीचं. तेव्हा बंधूंनो, विद्यापीठ म्हणजे साहेबलोकांची जागा नव्हे. पिकावर रोग पडला, जमीन खारवली तर नमुना घेऊन हक्काने जा, शंका विचारा. ग्रामसेवक व सरपंचांनीही गावच्या मुलामुलींना तिथली वाट दाखवावी.