अंगणांतली शाळा : ताराबाई मोडक

आपल्या वाशीम जिल्ह्यांतील खेड्यांत लसीकरणाच्या दिवशीं परिचारिका अंगणवाडींत येते. ती बालकांस लस टोंचते, मातांची विचारपूस करते. ‘अंगणवाडी’ या शब्दाच्या मागें एका विदुषीचें आयुष्य उभें आहे, हें मात्र विद्यार्थिमित्रांनो, थोड्यांच्याच ध्यानीं असतें.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर त्यांचा संसार आपल्याच वऱ्हाडांत, अमरावतीस, मांडला गेला; पण तो टिकला नाहीं. पुढें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत त्यांस माँटेसोरी पद्धतीचा ध्यास लागला, व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु हें शिक्षण सुखवस्तु घरांच्या पलीकडे जाईना. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, १९४५ सालीं, ताराबाई समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. तेथें बालवाडी उघडली, तरी गरिबांचीं मुलें येईनात. तेव्हां ताराबाईंनीं शाळाच उचलून त्यांच्या वस्तींतील अंगणांत नेली. महाग साधनांच्या जागीं शिंपले, बिया, पानें आलीं. आणि धड्याच्या आधीं काय? मुलांस न्हाऊं घालणें, नखें कापणें, केस विंचरणें, खरजेस औषध लावणें! अंग खाजत असतां मुलाचें चित्त अक्षरांत कसें रमावें? पदवी घेतलेले पुष्कळ आढळतात. परक्याच्या मुलाचें नाक पुसण्यास बसणारे विरळा. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट थोडी बोंचणारीच आहे.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेलें. तेथें थोरल्या बहिणी धाकट्या भावंडांस सांभाळीत घरींच राहत. ताराबाईंनीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालविली, म्हणजे बाळ पाळण्यांत निजे आणि बहीण पाटी घेऊन बसे. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतही शाळा भरूं लागली.

१९६२ सालीं त्यांस पद्मभूषण हा बहुमान मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यांत पूरक आहार, लस, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण हीं एकाच ठिकाणीं आलीं, आणि त्या ठिकाणास अंगणवाडी हेंच नांव मिळालें. तें पाहण्यास ताराबाई नव्हत्या.