जुन्या वाद्यांचा जीर्णोद्धार

बाखच्या काळी व्हायोलिन कसे वाजत असेल? त्या वाद्याची मान आखूड होती, तारा मुख्यतः तातीच्या होत्या, हनुवटी टेकवायची पट्टी नव्हती आणि गज धनुष्यासारखा बाहेरच्या बाजूला बाकदार असे. पुढे सभागृहे मोठी झाली, आवाज मोठा हवासा झाला. १८०० च्या सुमारास स्ट्राडिव्हारीच्या अस्सल व्हायोलिनांच्याही माना बदलल्या गेल्या. ल्यूट, व्हायोल, हार्पसिकॉर्ड ही वाद्ये तर अडगळीत किंवा संग्रहालयात गेली. जुने म्हणजे अपुरे, असा समज रूढ झाला. तो खोडून काढण्यात एका माणसाने आयुष्य वेचले. त्याचे नाव आर्नोल्ड डॉल्मेच.

डॉल्मेच यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८५८ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे, वाद्ये घडवणाऱ्या घराण्यात झाला. रंधा, पटाशी आणि सरस यांच्याशी त्यांची बालपणीच मैत्री जुळली. ब्रुसेल्सला त्यांना व्ह्यूताँ यांच्यासारखा नामवंत व्हायोलिनगुरू लाभला. नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकून ते डलिच कॉलेजात व्हायोलिन शिकवू लागले. संसार सुखाने चालावा अशी ही वाट होती.

पण १८८९ मध्ये लिलावात त्यांनी एक व्हिओला द'आमोर घेतली. आपल्या सारंगीसारख्याच या वाद्यालाही मुख्य तारांखाली गुंजणाऱ्या तरफा असतात. तिच्यासाठी संगीत शोधत ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात गेले आणि त्यांच्या हाती जुन्या इंग्रजी व्हायोल-संगीताची हस्तलिखिते लागली. गुडघ्यांत धरून वाजवायच्या या पडद्यांच्या वाद्यांसाठी केवढे भांडार रचले गेले होते! वाजवायला मात्र कोणी उरले नव्हते.

डॉल्मेच यांनी मोडकी वाद्ये दुरुस्त केली, घरच्यांना शिकवले आणि मैफली सुरू केल्या. श्रोत्यांत बर्नार्ड शॉ असत, विल्यम मॉरिसही असत. दुरुस्तीने भागेना, तेव्हा ते स्वतः वाद्ये घडवू लागले. १८९३ मध्ये ल्यूट, १८९४ मध्ये क्लॅव्हिकॉर्ड आणि १८९६ मध्ये हार्पसिकॉर्ड तयार झाले. त्याच वर्षी मॉरिस अंथरुणाला खिळले असताना डॉल्मेच आपले व्हर्जिनल घेऊन गेले आणि त्या मरणासन्न मित्राला जुने संगीत ऐकवून आले.

कौतुक झाले, पण पैसा टिकला नाही. १९०५ पासून बोस्टनच्या चिकरिंग कारखान्यात आणि १९११ पासून पॅरिसच्या गाव्हो कंपनीत त्यांनी वाद्ये बनवली. १९१४ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि १९१५ मध्ये सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीत कसे वाजवावे, यावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जुन्या लेखकांच्या पुस्तकांतले पुरावे देत त्यांनी सांगितले, की कागदावरचे स्वर म्हणजे अवघे संगीत नव्हे. कोणता स्वर लांबवायचा, अलंकार कुठे घ्यायचे, हे त्या काळच्या रिवाजावरून कळते. लिहिलेली बंदिश आणि गायलेली बंदिश यांतला फरक जाणणाऱ्या आपल्याकडच्या रसिकाला हे सहज पटावे.

१९१७ पासून हेझलमिअर हे गाव त्यांचे घर झाले. १९१९ मध्ये त्यांच्या लहानग्या कार्लच्या हातून लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर एक पिशवी राहून गेली. तिच्यात अठराव्या शतकातला रेकॉर्डर होता. रेकॉर्डर म्हणजे आपल्या अलगुजासारखी उभी धरायची बासरी. तो गेल्याचे दुःख मोठे होते, पण डॉल्मेच यांच्यापाशी त्याची मापे होती. त्यांनी नवा रेकॉर्डर घडवला. पुढे याच कार्लने प्लॅस्टिकचे स्वस्त रेकॉर्डर तयार करवले आणि ते शाळाशाळांतून मुलांच्या हाती गेले.

१९२५ मध्ये हेझलमिअरचा संगीत महोत्सव सुरू झाला. व्यासपीठावर पत्नी, मुले, शिष्य असा सारा गोतावळा असे. वादन नेहमीच सफाईदार नसे. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी त्यांची काही मते दुरुस्तही केली. २८ फेब्रुवारी १९४० रोजी ते गेले. बाखचे संगीत आज तातीच्या तारांवर आणि बाकदार गजाने ऐकायला मिळते, ते अनेकांच्या कष्टांमुळे. ती पायवाट मात्र एका हट्टी कारागिराने पाडली.