पडदे लावलेली बस

रमजान आला की घरोघरी जकातीचा हिशोब सुरू होतो. वर्षभराच्या शिलकीतला चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढायचा. कुणी शिधा देतो, कुणी कपडे, कुणी एखाद्या मुलाची फी भरतो. फी भरली म्हणजे मूल शाळेत टिकले, असे आपण धरून चालतो. पण मुले, विशेषतः मुली, शाळा सोडतात ती केवळ फीसाठी नव्हे. शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात एका विधवा बाईंना हे रोज सकाळी नव्याने शिकावे लागले. उर्दूत आपण त्यांना रुकय्या म्हणतो, बंगाली माणूस रोकेया म्हणतो. बेगम रुकय्या सखावत हुसैन.

त्यांचा जन्म 1880चा, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरजवळच्या पैराबंद गावी, जमीनदाराच्या घरी. घरात अरबी-फारसीला मान होता, पण मुलींनी बंगाली किंवा इंग्रजी शिकणे मंजूर नव्हते. थोरले भाऊ इब्राहीम साबेर रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला शिकवत. थोरली बहीण करीमुन्निसा यांनी बंगालीची गोडी लावली. पुढे लग्न झाले ते भागलपूरच्या सय्यद सखावत हुसैन यांच्याशी. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, विधुर होते, वयाने बरेच मोठे होते. स्वतः उर्दूभाषक, तरी बायकोला म्हणाले की बंगालीत लिही. 1905 साली मद्रासच्या एका मासिकात त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा छापून आली. तिच्यात पुरुष घरात पडद्यात राहतात आणि बायका राज्य चालवतात!

संसार फार दिवस लाभला नाही. दोन मुली झाल्या, दोन्ही तान्हेपणीच गेल्या. 1909च्या मे महिन्यात पतीही गेले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. काही महिन्यांतच रुकय्यांनी भागलपुरात पाच मुली घेऊन शाळा सुरू केली. पण सासरच्या मालमत्तेवरून भांडणे निघाली आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. 16 मार्च 1911 रोजी कोलकात्यात वलीउल्लाह लेनमध्ये आठ मुलींवर शाळा पुन्हा उभी राहिली, पतीच्याच नावाने.

ही बाई स्वतः कधी शाळेत गेलेली नव्हती. वर्ग कसा चालवतात हे पाहण्यासाठी त्या ब्राह्म समाजाच्या शाळांत जाऊन बसल्या. शिक्षिका मिळेनात म्हणून मद्रास, गया, आग्रा इथून आणल्या. घरोघर जाऊन आईबापांना समजावले. तरुण विधवा घराबाहेर पडते म्हणून लोकांनी नावे ठेवली ती वेगळीच. आईबापांची पहिली अट एकच असे : मुलगी रस्त्याने चालत जाणार नाही. म्हणजे शाळेला गाडी हवी, आणि गाडी पूर्ण बंद हवी.

या गाडीची हकिकत रुकय्यांनी स्वतःच ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. नवी मोटार बस आली. चहूबाजूंनी बंद, वर जाळीची अरुंद पट्टी तेवढी. आत मिट्ट काळोख. उकाड्याने मुलींना उलट्या झाल्या, लहानग्या अंधारात रडू लागल्या. मग खिडक्या उघडून रंगीत पडदे लावले. तरीही काही मुली बेशुद्ध पडल्या. आयांच्या तक्रारी आल्या की पोरी गुदमरून मरतील. आणि संध्याकाळच्या टपालाने पत्रे आली, धर्मबंधू म्हणवणाऱ्यांची. पडदे वाऱ्याने उडतात, बेपर्दगी होते, तातडीने बंदोबस्त करा, नाहीतर उर्दू वर्तमानपत्रांत शाळेविरुद्ध लिहू. पडदा घट्ट केला तर मुली जातात, सैल केला तर मुलींना घरचे काढून नेतात. शिक्षणाचा सगळा प्रश्न त्या एका गाडीत येऊन बसला होता.

रुकय्यांनी काय केले? शाळा बंद केली नाही. पडद्याच्या जाचावर त्यांच्याइतके कडक त्या काळी फार थोड्यांनी लिहिले असेल, पण शाळेसाठी त्या स्वतः बुरखा घेत राहिल्या. काही अभ्यासकांना ही माघार वाटते. मला वाटत नाही. रोज सकाळी ज्याला मुलींची हजेरी घ्यायची असते, त्याचे गणित निराळे असते. 1915 पर्यंत पटावर 84 मुली होत्या. कुराण अर्थासह, उर्दू, फारसी, इंग्रजी, शिवण, स्वयंपाक, रुग्णसेवा आणि व्यायामही शिकवला जाई. एक खंत मात्र राहिली. मुली येत त्या बहुतेक उर्दूभाषक घरांतून. बंगालीचा वर्ग काढला, पण मुलींअभावी तो बंद पडला.

शाळेत येत त्या मुख्यतः खानदानी म्हणवणाऱ्या घरांतल्या मुली. झोपडवस्तीतली मुलगी त्या गाडीपर्यंत पोहोचतच नव्हती. म्हणून 1916 साली त्यांनी ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ ही बायकांची संस्था काढली. गरीब मुलींच्या शिक्षणाला पैसा दिला, विधवांना आधार दिला. कोलकात्याच्या बस्त्यांत बायकांच्या तुकड्या पाठवल्या. त्या आयांना लिहायला-वाचायला शिकवत, स्वच्छता आणि मुलांचे संगोपन समजावत. मुलगी शाळेत टिकायची तर घरी आईला अक्षराची ओळख हवी, हे त्यांना कळले होते. आज आपल्या वस्त्यांतली मुलगी दहावीनंतर घरी बसते, तेव्हा कारण विचारले तर पुष्कळदा कॉलेज लांब आहे, एवढेच उत्तर मिळते. जकातीचा हिशोब करताना बसच्या पासचाही विचार व्हावा, असे मला वाटते.

1931 साली शाळा हायस्कूल झाली. पुढच्याच वर्षी, 9 डिसेंबर 1932 रोजी रुकय्या गेल्या. रमजानला तीन आठवडे उरले होते. टेबलावर स्त्रियांच्या हक्कांवरचा अर्धवट लेख होता. कोलकात्याबाहेर सोदपूरला दफन झाले आणि कबर कुठे आहे, हे लोक विसरूनही गेले. अनेक वर्षांनी इतिहासकार अमलेंदु दे यांनी ती जागा शोधून काढली. पानिहाटीच्या एका शाळेच्या आवारात ती निघाली. ती शाळा मुलींची आहे.