नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे एक आद्य संघटक, विधिमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी आणि पुण्याच्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते. ना. म. जोशी या नावाने ते महाराष्ट्रात परिचित आहेत. कामगारांच्या संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडला. १९२६ चा श्रमिक संघ कायदा हे त्या ठरावाचे फळ होय. संघटना करणे हा अपराध नाही, एवढी साधी गोष्ट भारतातील कामगाराला या कायद्याने प्रथम मिळवून दिली.

पूर्वायुष्य

जोशी यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकून पुढे डेक्कन कॉलेजातून १९०१ साली ते बी. ए. झाले. त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. १९०९ साली ती सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या या संस्थेच्या सदस्यांनी अल्प वेतनावर राहून आयुष्य देशकार्याला वाहावे, असा नियम होता. माहिती जमवावी, आकडे तपासावेत, सनदशीर मार्गाने मागणी करावी आणि ती पदरात पडेपर्यंत पिच्छा सोडू नये, ही गोखल्यांच्या शिकवणुकीची रीत. जोशी यांनी ती राजकारणातून उचलून गिरणगावात नेली, असे म्हणता येईल.

सोशल सर्व्हिस लीग

१९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन झाली व तिचे चिटणीसपद जोशी यांच्याकडे आले. कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, पतपेढ्या व दवाखाने चालविणे हे तिचे काम होते. परळचे दामोदर नाट्यगृह याच संस्थेच्या वास्तूत उभे राहिले. कामगार रंगभूमीच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वश्रुत आहे. हे काम वरकरणी परोपकाराचे होते. मात्र चाळींतून हिंडताना जोशी यांच्या ध्यानात आले की, कर्ज, आजार आणि अज्ञान यांच्या मुळाशी वेतनाचा प्रश्न आहे आणि त्यावर बोलणी करायला कामगारांपाशी स्वतःची संघटना नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले होते. परंतु सभासद, वर्गणी व घटना असलेली कायमची संघटना त्यातून आकारास आली नव्हती.

वॉशिंग्टन परिषद व आयटकची स्थापना

पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना अस्तित्वात आली. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना पाठविले. व्हर्साय तहातील तरतुदीनुसार असा प्रतिनिधी त्या त्या देशातील सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने निवडणे आवश्यक होते. भारतात अशी मध्यवर्ती संघटनाच नव्हती. ही उणीव भरून काढण्याच्या गरजेतून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे (आयटक) पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. जोशी हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. १९२५ ते १९२९ व पुन्हा १९४० ते १९४८ या काळात ते तिचे सरचिटणीस होते.

मद्रासचा खटला व १९२१ चा ठराव

संघटना निघू लागल्या तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांना काहीच स्थान नव्हते. हा धोका किती मोठा आहे हे मद्रासमध्ये उघड झाले. तेथील बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची मद्रास लेबर युनियन ही संघटना बी. पी. वाडिया यांनी एप्रिल १९१८ मध्ये स्थापन केली होती. १९२० च्या अखेरीस झालेल्या संघर्षात गिरणीच्या चालक कंपनीने वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. कामगारांना नोकरीचा करार मोडण्यास चिथावले, हा त्यांच्यावरील आरोप होता. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. अखेर तडजोड झाली. वाडियांनी कामगार संघटनेपासून दूर व्हावे, ही तिची अट होती.

या खटल्याचा अर्थ स्पष्ट होता. संप पुकारणारा कोणीही पुढारी दिवाणी दाव्यात भिकेस लागू शकत होता आणि अनेकांनी एकत्र येऊन काम थांबविणे फौजदारी कटाच्या व्याख्येत ओढता येत होते. इंग्लंडमध्येही १९०१ च्या टॅफ व्हेल रेल्वेच्या निकालाने असेच संकट ओढवले होते. मात्र तेथील कामगारांना मताधिकाराचे बळ होते व १९०६ साली पार्लमेंटने कायदा करून त्यांना संरक्षण दिले. भारतीय कामगाराला मत नव्हते. विधिमंडळात त्याच्या बाजूने बोलण्यासाठी होते ते सरकारनियुक्त सदस्य ना. म. जोशी.

मार्च १९२१ मध्ये जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला. कामगार संघटनांच्या नोंदणीसाठी व संरक्षणासाठी सरकारने कायदा करावा, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला, पण पुढे प्रांतिक सरकारांची मते मागविणे, मसुदा प्रसिद्ध करणे यांत चार वर्षे गेली. विधेयक ऑगस्ट १९२५ मध्ये सभागृहात आले, २५ मार्च १९२६ रोजी त्याला व्हाइसरॉयची संमती मिळाली आणि कायदा १ जून १९२७ पासून अंमलात आला.

कायद्याचे स्वरूप व मर्यादा

या कायद्यानुसार कोणत्याही सात कामगारांना आपल्या संघटनेची नोंदणी करता येऊ लागली. नोंदणीकृत संघटनेचे पदाधिकारी व सभासद यांना संघटनेच्या कायदेशीर उद्दिष्टांपुरते फौजदारी कटाच्या आरोपापासून आणि औद्योगिक विवादातील कृतींबद्दल दिवाणी दाव्यापासून संरक्षण मिळाले. मद्रासच्या खटल्यातील आरोप यापुढे अशा संघटनेवर चालणार नव्हता.

संरक्षण नोंदणीकृत संघटनांपुरतेच ठेवल्याबद्दल कामगार पक्षाची तक्रार होती. निम्मे तरी पदाधिकारी प्रत्यक्ष त्या उद्योगात काम करणारे असावेत, या अटीमागे बाहेरच्या सुशिक्षित पुढाऱ्यांना आवर घालण्याचा हेतू होता. निरक्षर कामगारांच्या वतीने पत्रव्यवहार व वाटाघाटी करणारे असे बाहेरचे पुढारी म्हणजे जोशी यांच्यासारखीच माणसे होती. सर्वांत मोठी उणीव निराळीच होती. संघटनेला मान्यता देण्याचे कोणतेही बंधन मालकावर नव्हते. नोंदणीचा दाखला हाती असलेल्या संघटनेचे पत्र न उघडता परत करण्यास मालक मोकळा होता.

गिरणी संप

१९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. त्याविरुद्ध मोठा संप झाला. डिसेंबरमध्ये सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. पाठोपाठ जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली व जोशी तिचे अध्यक्ष झाले. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात मवाळ जोशी आणि साम्यवादी श्रीपाद अमृत डांगे हे संयुक्त संप समितीत एकत्र होते. तथापि संपानंतर गिरणगावाचा ओढा साम्यवाद्यांच्या गिरणी कामगार युनियनकडे राहिला. जोशी यांच्या संयमी पद्धतीला तेवढी गर्दी कधीच लाभली नाही.

याच संपाच्या पार्श्वभूमीवर सरकारने आणलेल्या औद्योगिक विवाद विधेयकास जोशी यांनी विरोध केला. सार्वजनिक सेवांतील संपावर पूर्वसूचनेची अट आणि सहानुभूतीच्या संपांवर निर्बंध त्यात होते. ज्या दिवशी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला, त्या ८ एप्रिल १९२९ रोजीच हे विधेयक संमत झाले.

आयटकमधील फूट

१९२९ च्या अखेरीस जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे आयटकचे अधिवेशन भरले. शाही श्रम आयोगावर (व्हिटली आयोग) बहिष्कार घालावा, असा ठराव तेथे झाला. जोशी हे स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. ते व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला. सरकारी आयोगात बसणे ही अनेकांच्या मते तडजोड होती. जोशी यांच्या दृष्टीने मात्र कामगारांची बाजू नोंदविण्याची ती एक जागा होती आणि अशी कोणतीही जागा रिकामी सोडणे त्यांना पटत नसे. गोलमेज परिषदांतही त्यांनी कामगारांचे प्रतिनिधित्व केले. फुटलेले गट १९३८ पासून जवळ येऊ लागले व १९४० साली पूर्ण एकत्र झाले. त्यावेळी सरचिटणीसपद पुन्हा जोशी यांच्याकडेच आले.

मान्यतेचा प्रश्न

१९२६ च्या कायद्यातील उणीव भरून काढण्याचा प्रयत्न जोशी यांच्या हयातीतच झाला. तत्कालीन मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये संघटनांच्या सक्तीच्या मान्यतेचे विधेयक मांडले. त्याच दिशेची दुरुस्ती १९४७ साली संमतही झाली, परंतु ती कधीच अंमलात आणली गेली नाही. महाराष्ट्राने पुढे १९७१ साली स्वतंत्र कायदा करून किमान तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेस मान्यतेचा मार्ग दिला. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत १९२६ चा कायदा विलीन करण्यात आला. एकाहून अधिक संघटना असलेल्या आस्थापनेत एकावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस वाटाघाटींचा अधिकार देणारी तरतूद या संहितेत आहे.

निधन

जोशी १९४७ पर्यंत मध्यवर्ती विधिमंडळात होते व अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या नियामक मंडळावरही होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या गिरणगावातील डिलाइल रोडला ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले आहे.