डॉ. आंबेडकर आणि बडोद्याची शिष्यवृत्ती

दरवर्षी बारावीचे व पदवी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या समाजातील पालक शिष्यवृत्त्यांचे अर्ज घेऊन धावपळ करताना दिसतात. कोणाला परदेशी विद्यापीठात जावयाचे असते, कोणाला शासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करावयाची असते. अशा वेळी ज्या एका अर्जाने एका पुरुषाचे आणि पुढे साऱ्या देशाचे भाग्य पालटले, त्याची हकिकत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. महार समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या अभिनंदनार्थ सभा भरली. अध्यक्षस्थानी भंडारी समाजाचे सुधारक सीताराम केशव बोले होते. मराठा समाजातील विद्वान शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. आपल्या आगाशीपासून जवळच असलेल्या सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन १८८२ साली झाले होते, त्यामुळे बुद्धाचे नाव या परिसराला नवे नव्हते. परंतु त्या पुस्तकाने त्या मुलाच्या मनात जे रुजविले, त्याचे फळ दिसावयास १९५६ साल उजाडावे लागले.

इंटरपर्यंत शिक्षण झाले आणि सुभेदारांची शक्ती संपली. तेव्हा केळुसकर गुरुजी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांजकडे शब्द टाकला. महाराजांनी विद्यार्थ्याला समक्ष बोलावून प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके व कपडे पुरविले. भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले.

पंधरवडाही लोटला नसेल, तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुलगा मुंबईच्या गाडीत बसला. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरला आणि गाडी निघून गेली. मुंबईस पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी देह ठेवला. बडोद्याहून मुंबईकडे जाणारा हा लोहमार्ग आपल्या विरारवरूनच जातो. त्या शोकाकुल तरुणाची गाडी आपल्या शिवारापासून हाकेच्या अंतरावरून गेली असेल, हे मनात आले म्हणजे जीव गलबलतो.

त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविणार होते. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळावयाची, ठरविलेले विषय शिकावयाचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची, असा तो करार होता. अर्थात् ही केवळ विद्यादानाची देणगी नव्हती. लोकसेवेसाठी माणूस घडविण्याची ती योजना होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे त्यांनी वेळ व पैसा दोन्ही काटकसरीने वापरले. उधळपट्टी केली ती फक्त जुन्या पुस्तकांच्या खरेदीत. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. नंतर ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास व बॅरिस्टरीचे शिक्षण सुरू झाले, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मायदेशी परतले. सामान ज्या बोटीतून येत होते ती युद्धात पाणतीराने बुडाली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याचे गाडीभाडे निघाले. करार पाळावयाचा होता, म्हणून ते गेले.

तेथे काय घडले ते सर्वश्रुत आहे. परदेशी पदव्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्यास कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. प्यावयास पाणी मिळेना. राहावयास जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्राने असमर्थता दर्शविली. दिवाणांकडूनही सोय झाली नाही. एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

दहा वर्षांचा करार असा मोडला. दोष कोणाचा? महाराजांनी पैसा दिला, विद्या दिली, पद दिले. परंतु त्यांच्या राजधानीतील समाजाने एक खोली दिली नाही. शिष्यवृत्तीने विद्वान घडतो. त्याची सेवा घ्यावयाची तर समाजाला आपले दार उघडावे लागते.

भीमराव खचले नाहीत. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातील बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि न्यूयॉर्कमधील सहनिवासी नवल भथेना यांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज, यांवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली. ज्या धर्मशाळेने हाकलले ती पारशांची आणि ज्याने कर्ज दिले तोही पारशीच, हे विसरून चालणार नाही.

पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. तेथे त्यांच्या प्रयत्नांनी १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा ठरल्या आणि १९४४ साली त्यांच्या उच्च शिक्षणासाठी ३ लाख रुपयांची तरतूद झाली. मिळालेली शिष्यवृत्ती त्यांनी अशी हजारोंना परत केली. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवून त्यांनी दहा वर्षांच्या सेवेचा करार साऱ्या देशापाशी अनेक पटींनी पुरा केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

ज्ञातिबंधूंनो, बोले, केळुसकर, म्युलर, सयाजीराव, शाहू महाराज, भथेना: यांपैकी एकही त्या मुलाच्या जातीचा नव्हता. आपण आपल्या मुलांसाठी निधी उभारतो ते योग्यच आहे, तो वाढलाच पाहिजे. परंतु आपल्या वाडीच्या कुंपणापलीकडे एखादा मुलगा वा मुलगी अर्जाचा कागद घेऊन वाट शोधीत असेल, तर तो अर्ज भरून देण्यास आणि शहरात राहण्याची जागा पाहून देण्यास संघाच्या घटनेची आडकाठी नाही. केळुसकर गुरुजींनी एक पुस्तक दिले आणि एक शब्द टाकला. तेवढे तर आपणा प्रत्येकास शक्य आहे.